धोंडूबाईंचा कागद आणि मी, पिक ग्लास

जवळ या, मित्रांनो! अजून थोडे जवळ. मला लांबचं काही म्हणता काही दिसत नाही, हे आधीच कबूल करतो. पण माझ्या खिडकीत जे येईल ते मी एवढं मोठं करून दाखवतो की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं! मी एक जुना, पितळी, घडीचा पिक ग्लास आहे. वयाने साठीच्या पुढे, अंगावर चरे भरपूर, बिजागरी थोडी कुरकुरते. पण भिंग अजून लख्ख आहे आणि त्याचा मला गर्व आहे. उगाच विनय कशाला दाखवू?

पिक ग्लास म्हणजे काय, हे भिवंडीच्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माझ्या तळाला बरोबर एक इंच लांब आणि एक इंच रुंद अशी चौकोनी खिडकी आहे, वर भिंग आहे आणि मध्ये दोन बिजागऱ्या. मिटलो की काडेपेटीपेक्षा लहान होतो आणि सदऱ्याच्या खिशात मावतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, शटल, म्हणजे धोटा, एकदा इकडून तिकडे गेलं की कापडात एक आडवा धागा पडतो. त्या धाग्याला पिक म्हणतात. कापडावर मला ठेवायचं, वरून डोळा लावायचा आणि एका इंचात किती पिक बसलेत ते मोजायचं. कमी भरले तर कापड विरळ आणि विणणाऱ्याची कानउघाडणी!

माझे मालक गुलाम हुसेन भिवंडीजवळच्या टेमघरला कापड तपासायचे. सकाळी पान खाऊन ते टेबलाशी बसत, मला खिशातून काढत, सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि कामाला लागत. त्यांचा एक नियम होता. एका जागी बघून तागा नापास करायचा नाही. सुरुवातीला, मध्ये, शेवटी, दोन्ही काठांना, अशा पाच जागी मला ठेवायचं आणि मगच बोलायचं. तावातावाने भांडायला आलेला व्यापारीसुद्धा मला बघून मवाळ व्हायचा. ‘गुलामभाईंच्या काचेने सांगितलं ना? मग संपलं!’ असं लोक म्हणायचे, तेव्हा मी खिशातल्या खिशात फुगायचो.

पुढे गुलाम हुसेन थकले, त्यांनी काम सोडलं. मोबाईलने कापडाचा फोटो काढला की धागे आपोआप मोजले जातात, असं काहीतरी निघालं. मला कुणी विचारेना. मी गेलो टेबलाच्या खणात, सेफ्टी पिना आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. अधूनमधून जुबैदाचाची, म्हणजे गुलाम हुसेन यांच्या बेगम, मला बाहेर काढायच्या. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला नाहीतर बोटात घुसलेला माशाचा काटा शोधायला. काटा शोधणं वाईट काम नाही. पण ज्याने हजारो ताग्यांचा निकाल लावला त्याच्यावर ही पाळी यावी, याचं मला फार वाईट वाटायचं. खणाच्या अंधारात मी रडलोसुद्धा असतो, पण भिंगाला ओल चांगली नाही.

आणि मग एक दिवस खण उघडला! गुलाम हुसेन यांचा मुलगा राहिल पुस्तकांच्या गोदामात सुपरवायझर आहे. तिथे पाठ फाटलेला एक भलामोठा इंग्रजी शब्दकोश कुणी घेईना, म्हणून तो घरी घेऊन आला. कोश कसला, उशीच ती! त्यातली अक्षरं इतकी बारीक होती की एका पानावर चार पानांचा मजकूर दाटीवाटीने बसवला होता. वाचण्यासाठी त्याच्याबरोबर एक भिंग मिळत असे, पण ते केव्हाच हरवलेलं होतं.

“अब्बा, हे वाचणार कसं?” राहिल म्हणाला.

गुलाम हुसेन उठून टेबलापाशी गेले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. मित्रांनो, मी पुन्हा कामावर रुजू झालो! धाग्यांऐवजी अक्षरं, एवढाच काय तो फरक. गुलाम हुसेन मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेले, त्यात हुशार. रोज सकाळी चहा झाला की आम्ही दोघं दोन-चार शब्दांची कुंडली काढायचो. कुठला शब्द कुठून निघाला, वाटेत कुणाला भेटला, म्हातारपणी त्याचं काय झालं! मला काय मजा आली म्हणून सांगू! शब्दांनासुद्धा माझ्यासारखाच जन्म असतो, भरभराट असते आणि अडगळ असते, हे मला या वयात कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्हाला जवळ बोलावलं ती सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे टेमघरला एरवी न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात. भांड्यांचे, कोंबड्यांचे, शेजारच्या टीव्हीचे. दुपारी राहिलच्या गोदामात काम करणारी क्षितिजा घरी आली. ती जवळच्या दिघाशी गावची. हसरी मुलगी, पण त्या दिवशी डोळे सुजलेले होते. तिने ओढणीखालून लाकडी चौकटीतला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

“चाचा, हा कागद आजीने चुलीत घालायला सांगितलाय. मी घातला नाही. तुम्ही एकदा बघा. नाहीतर उद्या जाळावाच लागेल.”

क्षितिजाची आजी म्हणजे धोंडूबाई. वय पंच्याऐंशी. दिघाशीच्या पंचक्रोशीत अर्ध्या लोकांना पहिलं पाणी तिच्या हातचं मिळालेलं. ती दाई होती. तरुणपणी अकरा वर्षं ती मिशनच्या एका छोट्या दवाखान्यात कामाला होती. तिथे स्कॉटलंडहून आलेली एक नर्स होती. सगळे तिला मिस साहेब म्हणत. दवाखाना बंद पडला आणि मिस साहेब मायदेशी निघाली, तेव्हा तिने धोंडूबाईला एक कागद लिहून दिला. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा कागद! धोंडूबाईला वाचता येत नाही, पण तो कागद म्हणजे तिची पदवी. दर दसऱ्याला ती आपली कात्री, कोयता आणि हा कागद पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहायची.

त्या रविवारी गावातल्या बायका अंगणवाडीच्या पटांगणात तिचा सत्कार करणार होत्या. स्टेजवर हा कागद वाचायचा असं ठरलं. म्हणून नातू प्रितेशने बुधवारीच घरात सगळ्यांसमोर तो वाचायला घेतला. शाई उडालेली, अक्षर तिरपं. त्याला नीट लागला तो शेवटच्या ओळीतला एकच शब्द: हीथन. त्याने तो मोबाईलमध्ये टाकला आणि जे आलं ते मोठ्याने वाचलं. “धर्महीन, रानटी, असंस्कृत माणूस.”

“आजी तिथेच बसली होती, चाचा,” क्षितिजा सांगत होती. “आजी म्हणाली, अठ्ठावन्न दसरे मी शिवीची पूजा केली. तेव्हापासून ती सत्काराला येणार नाही म्हणते. जेवतसुद्धा नाही धड.”

जुबैदाचाचींनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. गुलाम हुसेन यांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसलं, दोनदा पुसलं, आणि कागदावर ठेवलं. मी अक्षरं मोठी केली. त्यांनी हळूहळू वाचत मराठीत सांगितलं.

“धोंडू माझ्या हाताखाली अकरा वर्षं आहे. ती वेळेवर येते. सुया उकळताना तिची कधी चूक झाली नाही. ती खोटं बोलत नाही, आणि बाळंतिणीवर ओरडत नाही. ती हीथन आहे...” ते थांबले. “हो बेटा. शब्द तोच आहे.”

क्षितिजाचा चेहरा पडला. माझीही छाती धडधडू लागली, म्हणजे असती तर धडधडली असती. पण गुलाम हुसेन स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी ती उशी टेबलावर धाडकन आणून ठेवली. “मोबाईलने शब्दाचं आजचं तोंड दाखवलं. आपण त्याचं खानदान बघू या!”

आणि आमची शोधमोहीम सुरू झाली! मी पानावर इंच इंच सरकत होतो. हीथन हा शब्द सापडला आणि त्याच्या वरच्याच बाजूला त्याचा बाप बसलेला: हीथ. हीथ म्हणजे माळ! नांगर न लागलेली, खुरट्या झुडपांची उघडी जमीन. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याला हॅथ म्हणत, आणि हॅथन म्हणजे बहुधा माळावर राहणारा.

“एवढंच?” क्षितिजा उठून उभी राहिली. “माळावरचा माणूस? मग शिवी कशी झाली?”

“सांगतो, सांगतो! बस आधी.” गुलाम हुसेनसुद्धा रंगात आले होते. नवा ख्रिस्ती धर्म आधी शहरांत पोचला. दूर माळावर, खेड्यापाड्यांत राहणारी माणसं आपले जुनेच देव पूजत राहिली. मग शहरवाले म्हणू लागले, ते काय, माळावरचे! म्हणता म्हणता माळ मागे पडला आणि नुसती हेटाळणी उरली. काही विद्वानांना हे पटत नाही. त्यांच्या मते शब्द परदेशातून आला असावा. कोशाने तेही प्रामाणिकपणे छापलं होतं. पण पार ‘पी’च्या पानांवर गेलो तर तीच कथा! पेगन हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता साधासुधा खेडूत. जर्मन भाषेत तर माळाला आणि अशा माणसाला अजून एकच नाव आहे. मी तर चक्रावलो. सगळ्या देशांतल्या शहरवाल्यांनी मिळून ठरवलं होतं की काय?

“आपण काय कमी केलं?” जुबैदाचाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “रानातला तो रानटी. गावातला तो गावंढळ. अंडी मात्र गावठीच पाहिजेत सगळ्यांना!”

क्षितिजा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. गुलाम हुसेन मात्र जरा गंभीर झाले. “असा एखादा शब्द प्रत्येकाच्या घरात असतो, बेटा. आमच्याकडेही आहे. दुसऱ्याला लहान करायला ठेवलेला.”

पण मला थांबवतंय कोण! पुढे अजून गंमत होती. होइडन म्हणून एक शब्द आहे, दांडगट, धांगडधिंगा करणारी पोरगी. तोही कदाचित याच घराण्यातला, डच भाषेतून आलेला. जुबैदाचाची म्हणाल्या, “माझ्या लहानपणी अम्मीला हा शब्द ठाऊक असता तर तिने मला दुसऱ्या नावाने हाकच मारली नसती.” आणि लंडनचं हीथ्रो विमानतळ! जिथे गुलाम हुसेन यांची पुतणी उज्मा पहिल्यांदा उतरली आणि थंडीने कुडकुडली, त्या जागेचं नाव म्हणजे माळावरची घरांची ओळ. एवढी विमानं रोज माळावरच उतरतात, मित्रांनो!

इतका आनंद झाला होता, आणि क्षितिजाने एकच प्रश्न विचारला.

“चाचा, हे सगळं खरं. पण मिस साहेबने लिहिलं तेव्हा तिच्या मनात काय होतं? माळ, की शिवी?”

गुलाम हुसेन यांनी कोश मिटला, कारण तिचं बरोबर होतं. हजार वर्षांपूर्वी शब्दाचा अर्थ काय होता हे कोश सांगतो. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी एका बाईने दुसऱ्या बाईबद्दल तो कशासाठी लिहिला, हे कुठल्या कोशात शोधणार? खरं सांगतो, मला माझी लाज वाटली. मी उगाच नाचत होतो आणि तिकडे दिघाशीला एक म्हातारी उपाशी बसली होती.

गुलाम हुसेन यांनी मला पुन्हा कागदावर ठेवलं. वरच्या कोपऱ्यात, मध्ये, डाव्या काठाला, उजव्या काठाला, तळाला. तीच त्यांची जुनी सवय. तळाशी ते थबकले.

“सही कुठे आहे?”

“म्हणजे?”

“अगं, कुणाला शिफारस लिहून दिली तर खाली सही नको? आयुष्यभर कागद हाताळले मी. बिनसहीचा कागद कुणी घेतो का?”

तेवढ्यात मला दिसलं! ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, अगदी फिकट, तपकिरी रेघा. वळणं उलटी, आरशात दिसावीत तशी. गुलाम हुसेन यांनी डोळा इतका जवळ आणला की पापणी माझ्या काचेला लागली. “क्षितिजा, या कागदाच्या पाठीवर लिहिलेलं आहे! शाई पलीकडून उमटलीय!”

चौकट उघडली. कागद मागच्या पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेला होता. पुठ्ठा सुताच्या कोनांच्या, म्हणजे मोठ्या रिळांच्या, पेटीचा. त्यावर अजून अर्धा छाप होता. गुलाम हुसेन यांनी बोट ओलं करून कडेला लावलं, चोळलं आणि विचारलं, “तुझे आजोबा कुठे कामाला होते?”

“सायझिंगमध्ये. भिवंडीत.”

“तरीच! ही सायझिंगची खळ आहे.”

मित्रांनो, लूमवर उभे धागे तुटू नयेत म्हणून आधी त्यांना खळ पाजतात. ते काम म्हणजे सायझिंग. धोंडूबाईच्या नवऱ्याने बायकोचं सर्टिफिकेट कौतुकाने चौकटीत बसवलं, आणि कारखान्यातली डबाभर खळ आणून ते असं काही चिकटवलं की तीन पिढ्यांत हलू नये. त्यालाही वाचता येत नव्हतं. कागदाला दुसरी बाजू आहे आणि तीही लिहिलेली आहे, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नसावं. बिचाऱ्याने प्रेमाने निम्मं पत्र गाडून टाकलं!

खळ निघते कशी, हे गुलाम हुसेन यांना पक्कं ठाऊक होतं. गरम पाण्यात कापड टाकलं की ती सुटते. पण हे कापड नव्हतं, साठ वर्षांचा कागद होता आणि शाई होती टाकाची. ती फुटली तर दोन्ही बाजू जातील. मग समोरची चार चांगली वाक्यंसुद्धा उरणार नाहीत. त्यांनी कागद क्षितिजापुढे सरकवला. “बेटा, हे तू ठरव. माझी हिंमत होत नाही.”

क्षितिजाने क्षणभर डोळे मिटले. “नाहीतरी चुलीतच जाणार आहे, चाचा. करा.”

“तुम्ही व्हा बाजूला,” असं म्हणत जुबैदाचाचींनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी आधी ओल्या कापसाचं टोक एका पूर्णविरामाला लावलं आणि मला त्यावर ठेवलं. पूर्णविराम फुटतोय का, एवढंच मी बघायचं होतं. सबंध आयुष्यात इतकं लहान काम मला कुणी दिलं नव्हतं आणि इतकं मोठंही. मी बघत राहिलो. ठिपका हलला नाही! मग चाचींनी पातेल्यात पाणी उकळलं, वर पातळ फडकं बांधलं, आणि वाफेवर पुठ्ठा धरून त्या कडेकडेने बोटाचं नख फिरवू लागल्या. गुलाम हुसेन मला घेऊन वाकले आणि वाफेने माझी काच पांढरीफटक झाली. ऐन वेळी मी आंधळा! नुसते आवाज ऐकू येत होते. “हळू!” “मला शिकवू नका हो! क्षितिजा, ते टोक धर!” “फाटतंय, चाची!” “नाही फाटत. सुटतंय. सुटलं!”

मला पुसलं. समोर कागदाची पाठ होती. ओलसर, पिवळी, पण अक्षरन् अक्षर जागेवर. अंधारात राहिल्याने शाई पुढच्या बाजूपेक्षा ठळक होती. गुलाम हुसेन वाचत गेले आणि मध्येच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. क्षितिजा तर हुंदके देत होती. काय लिहिलं होतं ते मी तुम्हाला आत्ता सांगत नाही. ज्या बाईचं ते पत्र, तिने ऐकलं तसंच तुम्ही ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाम हुसेन यांच्या खिशात बसून मी दिघाशीला गेलो. धोंडूबाई ओसरीवर बसली होती. लहानशी, वाळलेली, पण नजर करडी. शेजारी प्रितेश खाली मान घालून शेंगा सोलत होता.

“जाळला न्हाय?” कागद बघताच तिने विचारलं.

“मावशी, आधी पुरता वाचू द्या. मग जाळायचा असेल तर काडी मी स्वतः लावीन,” गुलाम हुसेन म्हणाले आणि त्यांनी मला कागदाच्या पाठीवर ठेवून, पुढच्या बाजूचं अर्धं राहिलेलं वाक्य धरून, मराठीत सांगायला सुरुवात केली.

“ती हीथन आहे, आणि अकरा वर्षांत मी तिला ख्रिस्ती का केलं नाही, असं मला पुष्कळदा विचारलं गेलं. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, ते इथे देते. दुरुस्त करावं असं मला तिच्यात काहीच सापडलं नाही. मी तापात होते तेव्हा ती नऊ दिवस माझ्या उशाशी बसली. तिने तिच्या देवीला माझ्यासाठी नवस बोलला. मी बरी झाल्यावर तो फेडायला मी तिच्याबरोबर डोंगर चढून गेले आणि माझ्या हाताने नारळ ठेवला. माझ्या वरिष्ठांना हे आवडणार नाही, पण हे खरं आहे. जो कोणी तिला कामावर ठेवील, त्याने तिला शिकवण्याआधी तिच्याकडून शिकावं.” आणि त्याखाली सही होती.

धोंडूबाईने कागदावर हळूच बोट फिरवलं. तिचे ओठ हलत होते.

“नवसाचं लिवलंय तिनी?”

“हो, मावशी.”

“मना म्हणाली व्हती, धोंडू, हे कोणाला सांगू नको, माझी नोकरी जायल. मी माझ्या घरधन्यालासुद्धा न्हाय सांगितलं. अठ्ठावन्न वर्षं पोटात ठेवलं.” तिने पदराने तोंड पुसलं. “आन हिनी सोताच लिवून दिलं! येडी बाई. तिला लोकांनी काय काय बोलून घेतलं असल माझ्यापायी.”

मग तिने तो शब्द बघायला मागितला. मी कागदाच्या पुढच्या बाजूला त्या शब्दावर बसलो आणि तिने मला डोळा लावला. मित्रांनो, माझ्यावर हजार डोळे टेकले आहेत, पण असा डोळा नाही. मी तो शब्द होता होईल तेवढा मोठा केला. गुलाम हुसेन माळाची गोष्ट सांगत होते. हीथ, माळावरची माणसं, शहरातल्या लोकांनी केलेली हेटाळणी.

“माळ?” धोंडूबाईने मान वर केली. “श्रावण सरला ना, की आपल्या माळावर तेरडा फुलतो. सगळा माळ जांभळा. मिस साहेब तिथं जाऊन उभी ऱ्हायची आन म्हणायची, धोंडू, माझ्या गावचा डोंगर असाच. हीदर, हीदर म्हणायची. मना वाटलं, तिची कोण पोरगी असल तिकडं ऱ्हायलेली.”

“हीदर म्हणजे फूल, आजी!” क्षितिजा टाळी वाजवत ओरडली. “तिकडच्या हीथवर फुलतं ते! कालच आम्ही वाचलं!”

“म्हंजे ती बी माळावरचीच,” धोंडूबाई म्हणाली आणि तिला हसू फुटलं. “तरीच! बूट हातात घेऊन ढेकळांतना झपाझप चालायची. मी म्हणायची, गोरी बाई आन पायाला काटा कसा लागत न्हाय!” आणि मग तिने प्रितेशला भाकरी आणायला सांगितलं. तीन दिवसांनी ती पोटभर जेवली.

रविवारी अंगणवाडीच्या पटांगणात खुर्च्या कमी पडल्या. ज्यांची नाळ धोंडूबाईने कापली होती असे पन्नाशीचे बाप्ये कडेला उभे होते. गुलाम हुसेन, जुबैदाचाची आणि राहिल पुढच्या रांगेत होते, आणि मी? मी स्टेजवर! पत्र वाचायला प्रितेश उभा राहिला होता आणि त्याने मला मुठीत धरलं होतं. त्याच्या तळहाताला घाम सुटलेला मला जाणवत होता. गुलाम हुसेन यांनी सांगितलेल्या मराठीत त्याने माईकवरून वाचायला सुरुवात केली. वेळेवर येते. सुया उकळताना चुकत नाही. खोटं बोलत नाही. बाळंतिणीवर ओरडत नाही. मग माझ्या खिडकीत तो शब्द आला. प्रितेशने मला पटकन उचललं, आणि शब्द गाळून कागद उलटू लागला. मी काय करणार? मला कुठे हात आहेत!

“थांब,” धोंडूबाई खुर्चीतून म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पत्र आता पाठ होतं. “मधला कंचा शब्द गिळलास? वाच तो.”

“आजी, लोकांसमोर...”

“लोकांसमोरच वाच. तिनी खोडला न्हाय, तू कशाला खोडतोस?”

प्रितेशने मला पुन्हा त्या शब्दावर ठेवलं. त्याने मोठ्याने वाचलं, “ती हीथन आहे.”

“हाय!” धोंडूबाई म्हणाली. पटांगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. “पुढं वाच.”

आणि त्याने पुढे वाचलं.

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात पडल्या असतील. त्यांना बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा, काचेला नख लावू नका. जुने कागद जाळायच्या आधी उलटून बघा. आणि कुणाच्या नावापुढे एखादा वाईट शब्द लिहिलेला दिसला, तर त्या एका शब्दावर थांबू नका. लिहिणाऱ्याने पुढे काय लिहिलंय ते वाचा, आणि पुढे काहीच लिहिलेलं नसेल, तर त्या माणसाकडे जाऊन, त्याच्या ओसरीवर बसून, त्यालाच विचारा.